बिनभिंतीची वेस

सोमवार, ११ नोव्हेंबर

आले एकदाची! प्रवास झकास झाला. खिडकीची जागा मिळाली आणि समोरचे गृहस्थ अख्खा वेळ तोंड उघडं टाकून झोपले होते, त्यामुळे कुणाशी एक अक्षर बोलावं लागलं नाही. सुखाच्या माझ्या अपेक्षा फार मोठ्या नाहीत.

महिनाभराचा मुक्काम आहे. म्हणजे महिनाभर सासूबाईंचा खोकला नाही, नवऱ्याचं 'माझा चष्मा पाहिलास का' नाही (चष्मा कपाळावर असतो), लेकीचा गृहपाठ नाही. लेक निघताना रडली. मी तिला सांगितलं की रडून गाड्या थांबत नसतात. गाडी थांबली नाहीच.

काम असं आहे: आमच्या पर्यटन कार्यालयाला या उपनगरी जिल्ह्यातल्या ऐतिहासिक स्थळांची पुस्तिका काढायची आहे. मी स्थळं बघायची, फोटो काढायचे आणि दर स्थळामागे दहा-बारा ओळी लिहायच्या. साहेब म्हणाले, मॅडम, हे काम तुम्हालाच जमेल. याचा अर्थ बाकीच्यांनी अंग काढून घेतलं.

जिल्हा मी स्टेशनातून बाहेर पडता पडताच पाहून घेतला. मोठ्या शहरात ज्यांना घर परवडलं नाही ती माणसं आणि ज्यांना दुकान मिळालं नाही ते दुकानदार, असे सगळे मिळून इथे साचले आहेत. घरं एकसारखी, फाटकांना एकच हिरवा रंग. रंगाचं पिंप कुणीतरी घाऊक आणलं असावं. इथे इतिहास घडलाच असेल तर तो पत्ता चुकून.

खोली मात्र बरी आहे. एका विधवेच्या घरी वरच्या मजल्यावर. तिला सगळा रस्ता मावशी म्हणतो, म्हणून मीही म्हणते. खिडकीतून फर्निचरच्या दुकानाचं गोदाम दिसतं, टेबलाचा एक पाय आखूड आहे, आणि पाणी तापवायला किटली आहे. मावशींनी जिन्यातच आपल्या गुडघ्यांची साद्यंत हकिगत सुरू केली. मी मान डोलावत डोलावत वर आले आणि दार लावून घेतलं. खालून आवाज बराच वेळ येत होता.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशी इथल्या वारशाची अवस्था आहे.

इथे एक वारसा समिती आहे. तिचे अध्यक्ष निवृत्त चित्रकला-शिक्षक, सगळे त्यांना मास्तर म्हणतात. बुटके, स्वच्छ, हातात कायम छत्री. त्यांच्यासोबत जिल्हा कार्यालयाने मला दिलेला ड्रायव्हर. तो फार बोलत नाही, एवढा एकच गुण.

आधी दगडी हौद दाखवला. त्यावर पाटी आहे. कुठल्याशा लढाईवरून परतताना एका सेनापतीचा घोडा इथे पाणी प्याला. घोडा! सेनापतीला तहान नव्हती. मास्तर हौदाच्या कडेवर असा हात ठेवून उभे राहिले की जणू घोडा त्यांच्या घरातला. मग 'तहाचं घर'. दोन राजांमधला तह या घरात होता होता राहिला, कारण एक राजा आलाच नाही. म्हणजे जे झालं नाही त्याची पाटी. या न्यायाने माझ्या माहेरच्या घरावर डझनभर पाट्या लागतील. मग बिनघंटेचा घंटाघर-मनोरा. घंटा कुठे गेली असं विचारलं तर मास्तर म्हणाले की मनोऱ्याला ती आठवते. मी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं.

दहा-बारा ओळी लिहायच्या आहेत. घोड्यावर किती लिहिणार?

मावशींनी रात्रीच्या जेवणाला उकडलेला कोबी केला होता. जेवताना गुडघे पुढे चालू. ऐकल्यासारखं केलं.

बुधवार, १३ नोव्हेंबर

आज वेस पाहिली. जिल्ह्याचा मानबिंदू म्हणे.

एका अंगाला बसथांबा, दुसऱ्या अंगाला भाजीबाजार, आणि मधोमध ही दगडी कमान नुसती उभी. वेस म्हटली की तिला गावकूस लागतं. इथलं गावकूस लोकांनी केव्हाच फोडून दगड घरांच्या पायात घातले. उरलं एकटं दार. चहूकडून मोकळं मैदान आणि मधे दार, म्हणजे अंगावर कपडा नाही आणि टोपी तेवढी नीट!

पण एक गोष्ट मजेदार होती. बसमधून उतरलेल्या माणसाला बाजारात जायचं तर सरळ वाट कमानीखालून आहे. एकही माणूस त्या वाटेने जात नव्हता. पिशव्या घेतलेल्या बायका, सायकलवाले, हमाल, सगळे कमानीपाशी येऊन डावी-उजवीकडे फुटायचे आणि पलीकडे पुन्हा एकत्र व्हायचे. कमानीखाली गवत वाढलंय, एक पातं दुमडलेलं नाही. ड्रायव्हरला कारण विचारलं. तो म्हणाला, नाही जात कुणी. का? तर, तसंच आहे.

मास्तरांनी मात्र सांगितलं, शेजाऱ्याचं दुखणं सांगावं तसं हळू आवाजात. म्हणाले की भिंत होती तोवर वेशीला आत कुठलं आणि बाहेर कुठलं हे ठाऊक होतं. भिंत गेली तसं तिला कळेनासं झालं. एक माणूस तिच्यातून गेला की ती त्याला आतही घेते आणि बाहेरही काढते. मग दोघं होतात. मी मोठ्याने हसले. बाजारातली चार डोकी वळली.

मला असल्या भाबडेपणाची शिसारी येते. मी कॅमेरा गळ्यात अडकवला आणि सरळ कमानीखालून चालत गेले. भर दुपारी, भर उन्हात, अख्ख्या बाजारादेखत. काय झालं? काही नाही. लिफ्टमध्ये कानाला दडा बसतो तसा बसला आणि सुटला. पलीकडे तोच बाजार, तेच टोमॅटो.

एवढं खरं की भाजीवाल्या माझ्याकडे बघत नव्हत्या. माझ्या जरा मागे बघत होत्या.

मास्तर वळसा घालून धावत आले. छत्री काखेत मारून त्यांनी चक्क हात जोडले. म्हणाले, "बाई, कृपा करा. आल्या वाटेनेच परत जा. आत्ताच्या आत्ता." मी म्हटलं की मला पोरखेळाला वेळ नाही, आणि बाजूने चालत गाडीकडे आले. ड्रायव्हरने दार उघडलं. मी बसले तरी तो दार धरून उभाच. आणखी कुणी बसायचं असल्यासारखा.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

मावशींना चळ लागला असावा. सकाळी जिन्यात गाठून माझे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाल्या, काल संध्याकाळी इतका वेळ बसून गुडघे शेकून दिलेस, पोटच्या पोरीने केलं नसतं. मी काल संध्याकाळी दार लावून घोड्यावर ओळी लिहीत होते. तसं सांगितलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, केलेलं बोलून न दाखवणं हा चांगला गुण आहे. अहोजाहोवरून एकदम अगंतुगंवर.

नंतर मैलाचा दगड बघायला गेलो. हा दगड एका बेकरीच्या मागच्या अंगणात निघतो. बेकरीवाला मला बघून दारापर्यंत सामोरा आला आणि विचारू लागला, बाई, काही विसरलं का? मी पहिल्यांदाच येतेय म्हटल्यावर चेहरा पडला. तो म्हणतो, सकाळीच येऊन गेलात, भट्टी बघितलीत, माझ्या आईशी किती गप्पा मारल्यात. आई आतून हात हलवत होती. पिठाने माखलेला हात.

मी ड्रायव्हरकडे बघितलं. ड्रायव्हर रस्त्याकडे बघत होता.

गाडीत बसून कॅमेऱ्यातले फोटो तपासले. हौद, तहाचं घर, मनोरा, वेस. त्यानंतर बेकरीवाला, बायको, आई, ओळीने भट्टीसमोर उभे राहून हसताहेत. मी माणसांचे फोटो काढत नाही. माणसं मधे येतात म्हणून मी फोटो काढायची थांबते.

सकाळी निघेपर्यंत कॅमेरा माझ्या पिशवीत होता. पिशवी खुर्चीला. खुर्ची माझ्या खोलीत. मावशींकडे दुसरी किल्ली आहे. उघड आहे, या लोकांनी संगनमत करून माझी थट्टा मांडली आहे. मला वेशीची भीती वाटावी म्हणून. रिकामटेकडा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी!

शनिवार, १६ नोव्हेंबर

काल दिवसभर खोलीतून बाहेर पडले नाही. कुणी तोतया फिरत असेल तर मी घरात असताना तिने फिरून दाखवावं, असा माझा बेत. तिने दाखवलं.

आज सकाळी साहेबांचा फोन. आवाजात लोणी. म्हणाले की मजकूर मिळाला, वाचून डोळे पाणावले. मी अजून काहीच पाठवलेलं नाही. म्हटलं, कुठला मजकूर? त्यांनी वाचून दाखवला. हौदाबद्दल होता. थकलेला माणूस स्वतः तहानलेला राहून आधी घोड्याला पाणी दाखवतो, तेव्हा तो सेनापती होतो, असं काहीतरी. गुळात घोळलेलं. असलं वाक्य मला सुचणार नाही आणि सुचलं तर मी तोंड धुऊन येईन. साहेब म्हणाले, मॅडम, तुमच्यात हे होतं आणि तुम्ही इतकी वर्षं लपवलंत!

तडक जिल्हा कार्यालयात गेले. मजकूर तिथल्या फॅक्स मशीनवरून गेला असणार. हेडक्लार्कला फैलावर घेतलं. हा माणूस मंगळवारी मला बघून खुर्चीतून अर्धवट उठला होता, आज गोंधळून पूर्ण उठला. म्हणाला की बाई, तुम्ही आत्ताच या दाराने बाहेर पडलात. टेबलावर कप होता. मी कपाला हात लावला. गरम. काठाला माझ्या लिपस्टिकचा तपकिरी रंग.

मी धावले. व्हरांडा, पायऱ्या, फाटक. रस्त्याच्या टोकाला एक बाई वळत होती. माझ्यासारखाच तपकिरी कोट. तसे कोट पुष्कळ असतात. पण चालणं? उजवी टाच जरा आत पडते. लहानपणी आई मला त्यावरून ओरडायची. आपण चालताना मागून कसे दिसतो ते कुणाला ठाऊक नसतं, तरी ओळखता येतं.

तिच्या मागे जायला हवं होतं. गेले नाही. पाटी वाचत असल्यासारखी फाटकाला धरून उभी राहिले.

रविवार, १७ नोव्हेंबर

घरी फोन केला. सकाळी दहाला.

नवरा उचलून म्हणाला, अगं, पुन्हा? मी विचारलं पुन्हा म्हणजे काय. म्हणाला, आत्ता तासभर बोललीस की. आईशी बोललीस, तिच्या खोकल्यावर काढा सांगितलास, ती तर आल्यागेल्याला सांगत सुटलीय. सूनबाई बदलली म्हणतेय. तो हसत होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्याला असं हसताना मी ऐकलं नव्हतं. बावळट हसणं. मोकळं.

मी ओरडून सांगितलं की ती मी नव्हते. कुणीतरी माझ्या नावाने बोलतंय, तिला काही सांगू नका, तिला—

तो अगदी सावध आवाजात, अनोळखी माणसाशी बोलतात तसं, म्हणाला, "आपण कोण बोलताय?"

मी नाव सांगितलं.

राँग नंबर, म्हणाला. ठेवला.

पुन्हा लावला. लेकीने उचलला. मी तिला हाक मारली. ती हळूच म्हणाली की आईने काल फोनवर गाणं म्हटलं. मला गाता येत नाही. मी गात नाही. मी तसं म्हणाले. ती म्हणाली, माहितेय. आणि ठेवला.

ओळखपत्र काढून बघितलं. त्यावरचा फोटो मी जाणूनबुजून कपाळाला आठ्या घालून काढला होता. फोटोतली बाई हसतेय. दात दिसताहेत. काय ते वेडगळ, गोग्गोड हसू. मी ओळखपत्र उशीखाली घातलं आणि मग उशीवर डोकं ठेववेना.

सोमवार, १८ नोव्हेंबर

उपाय साधा आहे. मास्तर त्या दिवशी म्हणाले होते, आल्या वाटेने परत जा. तेव्हा गेले नाही, आज जाईन. भाबडेपणा तर भाबडेपणा. कुणी बघणार नाही अशा बेताने—

लिहिते नंतर. ड्रायव्हर खाली आलाय.

—

दुपार. बसथांब्यावर बसून लिहितेय. अक्षर वाचता येईल तेवढं येवो.

ड्रायव्हरने दार उघडलं नाही. काचेतून विचारलं, तुम्ही बाईंच्या बहीण का? म्हणाला, चेहरा थोडा मिळतो. मी त्याला काय काय बोलले ते आठवत नाही. त्याने काच वर केली. चालत आले.

वेशीला गवंडी लागलेत. कमान विटांनी बंद करताहेत. दोन्ही अंगांनी. छातीपर्यंत भिंत आलीय. मास्तर छत्री टेकून उभे होते, काम बघत. मी विचारलं कुणाच्या हुकमाने. म्हणाले की पुस्तिकेसाठी बाई आल्यात ना, त्यांनी वरून मंजुरी आणवली. फार मनाची बाई. लोकांना धोका नको म्हणाल्या. परवा बाजारात उभं राहून सगळ्यांची विचारपूस केली.

मी म्हणाले, मास्तर, मी ती. मीच ती. बुधवारी तुम्ही माझ्यापुढे हात जोडलेत.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदा या आठवड्यात कुणी माझ्याकडे नीट पाहिलं, माझ्या मागे नाही. ते दचकले नाहीत. त्यांना माहीत होतं. मी येणार हेही माहीत होतं.

"हात जोडले होते," ते म्हणाले. "तेव्हाच परत गेल्या असतात तर एकच राहिल्या असतात."

"मग आता भिंत पाडा."

"पाडली आणि तुम्ही परत गेलात, तर दोघींतली एक जाईल. कोण जाईल ते आम्ही वेशीवर सोडणार नाही, बाई. तिला कुठे काय कळतं? आम्ही ठरवलंय." मग दुकानात दोन कापडांतलं एक निवडल्यावर सांगतात तसं, "आम्हाला ती बरी वाटते."

बरी! त्या लोचट बयेला, त्या— मी भिंतीवर चढले. ओलं सिमेंट, विटा हलत होत्या, तीनचार खाली पाडल्या. पलीकडचं गवत दिसलं. अजून एक पाय टाकला असता तर. गवंड्यांनी मागून धरलं. मारलं नाही, शिवी दिली नाही. ओला कुत्रा घरात शिरला तर त्याला बाहेर काढतात तसं, अंगाला कमीत कमी हात लागेल असं धरून बाजूला नेऊन सोडलं. भाजीवाल्या पुन्हा भाव सांगू लागल्या. माणसं कमानीला वळसा घालत होती, आणि आता मलाही.

संध्याकाळ

मावशींनी दार उघडलं, साखळी न काढता. खोली रिकामी झाली म्हणतात. बाई दुपारीच सामान घेऊन घरी गेल्या. जाताना गळ्यात पडून रडल्या. पुस्तिकेचं काम झालंसुद्धा.

म्हटलं, मावशी, माझा आवाज तरी ओळखा. त्यांनी कान देऊन ऐकलं. खरंच ऐकलं, बिचारीने. म्हणाल्या, नाही हो. आमच्या बाई ऐकून घ्यायच्या. तुम्ही नुसत्या बोलताय.

फटीतून पेलाभर पाणी दिलं. उभ्याउभ्या प्यायले. पेला परत घेताना त्यांनी तो पदराने धरला.

ही वही पिशवीत होती म्हणून उरली.

ती घरी गेलीय. माझ्या घरी.

मंगळवार

गाडी. खिडकीपाशी बसलेय. एक जण येऊन माझ्या अंगावरच बसायला लागला. ओरडले तेव्हा उठला. माफ करा, म्हणाला, जागा रिकामी दिसली.

तिकीट तपासनीस पुढच्याचं आणि मागच्याचं बघून गेला.

खिडकीच्या काचेत अजून दिसते मी. आठ्या तशाच आहेत. हे बरं.

मी काही रडणार नाही. घरी जाईन, दार वाजवीन, नवऱ्याला समोर उभं करीन. माणूस बुळा असला तरी आंधळा नाही. सासूबाईंना तर मी घरात नको आहे हे माझ्याइतकं कुणालाच माहीत नाही, त्यांना फरक कळेलच. आणि लेक. लेकीला नक्की. पोटची पोर.

मंगळवार, दुपार

किल्ली लागली. दार उघडलं. आतून साखळी होती, फटीतून दिसलं. जेवायला बसले होते. सासूबाई खोकत नव्हत्या. नवरा वाढत होता. माझ्या खुर्चीत ती, पाठमोरी. काहीतरी सांगत होती आणि सगळे खाणं थांबवून ऐकत होते. माझं बोलणं कधी कुणी घास हातात धरून ऐकलं नाही.

तिची मान वळायला लागली. मी दार लोटलं.

आता जिन्यात बसलेय, अर्ध्यावरच्या वळणावर. वरच्या मजल्यावरची बाई भाजी घेऊन चढली, माझ्या पायावर पाय देऊन गेली. दुखलं. म्हणजे मी आहे. आहे मी.

नंतर

लेक आली. शाळेतून, दप्तर पाठीला. खालच्या पायरीवर थबकली.

तिला दिसले. सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं. ओळखलं! एका क्षणात. मास्तरांनंतर हीच. मी हात पुढे केले. म्हटलं, चल, वर चल, बाबांना सांग, तुझं ऐकतील—

ती भिंतीला घासून उभी राहिली. दप्तर पुढे घेऊन, ढालीसारखं धरून. म्हणाली,

"तू परत का आलीस?"

मी म्हटलं, मी तुझी आई.

"हो," म्हणाली. "पण ती ओरडत नाही."

मग कडेकडेने, मला न शिवता, वर गेली. बेल वाजवली. सांगतेय आत. ऐकू येतंय. आई, ती जिन्यात बसलीय.

उठून पळायला हवं. कुठे?—

साखळी निघाली

सगळे दारात आलेत. नवरा, सासूबाई, लेक. वरून बघताहेत. त्या बाजारातल्यांसारखे. नवऱ्याला मी दिसत नाही वाटतं, तो जरा बाजूला बघतोय. लेकीला दिसतेय. लेक बोट करून दाखवतेय.

ती उतरतेय. उजवी टाच आत. सावकाश, कठड्याला धरून, घाई नाही. तेच हसू

मी लिहीत राहीन. लिहितेय तोवर मी आहे. अक्षर माझं आहे. माझंच. हे तिला येणार नाही. असलं तिखट तिला

शेजारी बसली. पायरीवर. खांद्याला खांदा. उबदार आहे. माझ्याहून

वाचतेय. खांद्यावरून. सगळं वाचतेय, पहिल्या पानापासून, पानं मी उलटत नाहीये

रागावली नाही. चुकचुकली फक्त. म्हणते, किती कडू लिहितेस गं, त्या गरीब घोड्यालासुद्धा सोडलं नाहीस

माझ्या बोटांवर तिची बोटं

म्हणते, दमलीस. दे इकडे पेन, पुढचं मी